कपडा कोणासाठी शिवतेस ते आधी बघ

प्रिय लेकरा,

सप्रेम सलाम. तुझा लांबलचक मेसेज सावकाश बसून वाचला. फॅशन डिझायनिंगला जायचंय, हात चांगला बसलाय, मशीनवर बसलीस की वेळेचं भान राहत नाही, आणि त्यात मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, काकू म्हणाल्या की विश्वासणाऱ्या मुलीने असल्या जगिक गोष्टींच्या नादी लागू नये, आणि तेव्हापासून तुझ्या जिवाला घोर लागलाय. जायचं की नाही ते तू प्रार्थना करून आणि आईबाबांशी बोलून ठरव, ते मी ठरवणार नाही. पण कपडा आणि देव यांचं जणू वाकडं आहे असं जे तुझ्या मनात बसलंय ना, ते मला काढायचंय, कारण पवित्र शास्त्रात मला ते कुठेच दिसत नाही.

उत्पत्तीचा तिसरा अध्याय काढ. आज्ञा मोडली, डोळे उघडले, लाज वाटली आणि आदाम-हव्वेने अंजिराची पानं शिवून कमरेला लावली. शास्त्रातलं पहिलं शिवणकाम हेच, आणि ते घाबरून, लपायला केलेलं. पानावर टाका घालून बघ एकदा, भोकापासून चिरत जातं आणि जे उरतं ते वाळून चुरा होतं. मग त्याच अध्यायात २१वं वचन येतं आणि आपण ते घाईत वाचून पुढे जातो. देव स्वतः त्या दोघांसाठी चामड्याची वस्त्रं करतो आणि त्यांना घालतो. शिक्षा सुनावून झालीय, काटेकुसळं सांगून झालीत, आता बागेतून बाहेर काढायचंय, आणि त्याच्या आधी तो त्यांना नीट टिकतील असे कपडे घालतोय. रागावलेल्या आईने पोराचं बटण लावून द्यावं तसं. मी हे वचन वाचलं की दर वेळी थांबतेच.

आणि एकदा हे लक्षात आलं की पुढे सगळीकडे तेच दिसायला लागतं. शमुवेलाची आई हन्ना बघ. नवस करून मागितलेलं पोर शिलोच्या मंदिरात ठेवून आली आणि दर वर्षी यज्ञाला जाताना त्याच्यासाठी एक छोटा झगा करून न्यायची, १ शमुवेल २:१९. पोर डोळ्यासमोर नाही, माप घ्यायला मिळत नाही, वर्षभरात किती वाढलं असेल कोण जाणे, म्हणजे अंदाजानेच बेतला असणार, जरा सैल, खाली दुमड जास्त सोडून. हे शास्त्रात लिहिलेलं नाही, माझं मला वाटतं, पण वाढत्या पोराचं कोणीही असंच बेतेल. येशूने सांगितलेल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीत पण बापाच्या तोंडून चाकरांना पहिला हुकूम निघतो तो उत्तम झगा आणून ह्याला घाला, अंगठी, जोडे आणि मेजवानी नंतर.

सगळ्यात मला आवडते ती यापोची टबीथा, दुर्कस म्हणतात ती, प्रेषितांची कृत्ये अध्याय ९. तिचं एकही वाक्य लिहिलेलं नाही. ती मरते, येशूचा शिष्य पेत्र येतो, माडीवरच्या खोलीत जातो आणि तिथे विधवा रडत उभ्या आहेत आणि त्याला अंगरखे आणि कपडे दाखवतायत, हे बघा, ती आमच्यात होती तेव्हा तिने केलेले हे. कोणी तिच्याबद्दल भाषण करत नाही, कपडेच दाखवतात. आता विचार कर, त्या काळात विधवेला कोण विचारत होतं? तिचं माप घ्यायचं म्हणजे तिच्याजवळ जायचं, तिला हात वर कर म्हणायचं, खांद्यापासून मनगटापर्यंत हात फिरवायचा. कित्येक दिवसांत त्यांना कोणी मायेने हात लावला नसेल. म्हणून म्हणते, तुझं काम कापडापासून सुरू होतच नाही गं, समोर उभ्या असलेल्या अंगापासून सुरू होतं, मग ते अंग जाड असो, वाकलेलं असो, एक खांदा खाली असलेलं असो. माप घेताना कोणाच्या पोटाच्या घेराचा आकडा मोठ्याने बोलू नकोस. ते एवढंसं वाटतं पण माणूस वर्षानुवर्षं विसरत नाही.

मग सुंदर कपडा, कशिदा, रंग, हे देवाला चालतं का? चालतं म्हणजे काय, त्याने मागून घेतलंय. निर्गम २८ मध्ये मोशेचा भाऊ आणि याजक अहरोन याची वस्त्रं गौरवासाठी आणि शोभेसाठी कर असं सांगितलंय, नुसतं अंग झाकायला नाही. निळं, जांभळं, किरमिजी सूत, तलम सण म्हणजे लिनन, झग्याच्या घेराला सुताची डाळिंबं आणि मधे मधे सोन्याची घुंगरं. आणि ३२व्या वचनात तर शिवणाऱ्यालाच कळेल अशी गोष्ट आहे, गळ्याच्या भोकाभोवती विणलेली मजबूत पट्टी असावी, म्हणजे तो फाटणार नाही. तुला माहितीच आहे, कपडा डोक्यातून घालायचा तर पहिला ताण गळ्यावरच येतो, गोल कापला की कापड तिरप्या धाग्यावर ताणतं आणि पट्टी नसेल तर पसरतं किंवा फाटतं. सिनाय पर्वतावर देव मोशेला गळ्याच्या पट्टीबद्दल सांगतोय! पुढे ३५व्या अध्यायात बसालेल आणि अहलियाब या कारागिरांना कशिदा काढणं, विणणं ह्याचं कौशल्य देवाने दिलं असं स्पष्ट लिहिलंय, आणि ज्या बायकांनी आपल्या हाताने सूत कातून आणलं त्यांचाही उल्लेख आहे. हे वाचल्यावर कोणी तुला म्हणालं की शिवणकाम म्हणजे संसारी काम, आत्मिक काही नाही, तर मनाला लावून घेऊ नकोस.

आता काकूंनी ज्या वचनावर बोट ठेवलं असेल ते १ तीमथ्य २:९ असणार, नाहीतर १ पेत्र ३:३, दोन्ही बायकांच्या पेहरावाबद्दलची. मी ती वचनं बाजूला सारायला सांगत नाहीये, ती देवाचीच आहेत. पण पूर्ण वाच. पौल मर्यादेबद्दल बोलतो आणि त्याच दमात सोनं, मोती आणि महागडी वस्त्रं ह्यांचं नाव घेतो. आपण काय करतो, बाहीची लांबी तेवढी मोजतो आणि महागड्या वस्त्रांवरून अलगद उडी मारतो. अंगभर झाकलेला पण शेजारी बसलेल्या गरीब बाईला खजील करणारा भारी पोशाख त्या वचनात बसतो का, हा प्रश्न मंडळीत कोणी विचारतच नाही, आणि माझ्या मते तो आधी विचारायला हवा. याकोब तर त्याच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात सरळ चित्रच काढतो, सभेत एकजण सोन्याची अंगठी आणि झगझगीत कपड्यात येतो, एकजण मळक्या कपड्यात, आणि तुम्ही एकाला मानाची जागा देता आणि दुसऱ्याला म्हणता तिकडे उभा राहा. अंग झाकावं, हो, मी पण तेच शिकवते, पण ते स्वतःचा आणि समोरच्याचा मान राखायला, लोकांच्या नजरांना घाबरून नाही.

साधेपणाचं पण एक असतं, त्याचीही फॅशन होते. अठराव्या शतकात अमेरिकेत जॉन वुलमन नावाचा क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा माणूस होता, धंद्याने शिंपी, आणि गुलामगिरीच्या विरोधात गावोगाव फिरून बोलणारा. त्याला रंगवलेले कपडे घालणं खटकायला लागलं, कारण रंगाने मळ लपतो आणि कापडाचंही नुकसान होतं असं त्याचं म्हणणं. म्हणून त्याने बिनरंगाची टोपी घेतली, आणि नेमकं त्याच वेळी फॅशनच्या मागे धावणारे काही लोक पांढऱ्या टोप्या घालत होते, त्यामुळे त्याला स्वतःलाच अवघड झालं, लोकांना वाटेल हा पण त्यातलाच. हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. तेव्हा साधं घातलं म्हणजे आपण पवित्र झालो असं डोक्यात येऊ देऊ नकोस, आणि दुसऱ्याने भडक घातलं म्हणून त्याचं मन तुला कळलं असंही समजू नकोस.

पण ह्या सगळ्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि फॅशनच्या लाइनमध्ये जाणार असशील तर ती तुझ्या पुढ्यात येणारच. एखादा स्वस्तातला तयार टॉप घे आणि उलटा करून बघ. शिवणीत कापड इतकं कमी सोडलेलं असतं की अंग जरा भरलं तर उसवून मोकळा करायला जागाच नाही, टीप लांब लांब, दोरा ओढला की सुटतो, चार धुण्यात बाजूची शिवण फिरून पुढे येते. तो टिकावा म्हणून केलेलाच नसतो. आणि लोकांना वाटतं हे मशीनच शिवतं, पण मशीनखाली कापड सरकवणारे हात माणसाचेच असतात, मुंढ्याला बाही लावताना ते कापड बोटांनीच वळवावं लागतं. २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात ढाक्याजवळ सावारला राणा प्लाझा ही इमारत कोसळली, आत कपड्यांचे कारखाने होते, ११०० च्या वर माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते आणि तरी कारागिरांना कामावर बोलावलं होतं. याकोब ५ वाच ह्याच्यानंतर, तुमच्या वस्त्रांना कसर लागली आहे असं म्हणून दोन वचनांनी तो म्हणतो की मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ते ओरडणं परमेश्वराच्या कानी गेलंय. कपडा आणि मजुरी एकाच परिच्छेदात. तू उद्या डिझायनर झालीस, तुझ्या हाताखाली चार कारागीर आले, तर पैसे वेळेवर दे, ऑर्डरच्या घाईत रात्र रात्र बसवू नकोस, आणि गिऱ्हाईकाने पैसे अडकवले हे कारण त्यांना सांगू नकोस. तुझ्या फॅशनमध्ये येशू आहे का हे मी तिथे बघेन, फ्रॉकवर क्रूस भरलाय का ह्यावर नाही.

चर्चसाठी वेदीवरचं कापड वगैरे भरायला मिळालं तर जीव ओतून भर, त्यात काही वाईट नाही. फक्त चौथ्या शतकातल्या धर्मोपदेशक योहान ख्रिसोस्तोमने मत्तयाच्या शुभवर्तमानावरच्या एका उपदेशात जे म्हटलं ते लक्षात असू दे, की आत ख्रिस्ताचा रेशमी वस्त्रांनी मान करायचा आणि बाहेर तोच थंडीने उघडा कुडकुडतोय त्याच्याकडे बघायचं नाही, असं करू नका.

आता हाताच्या कामाचं थोडं, कारण मी शेवटी शिकवणारी बाई. ट्रेंड बघ, रील्स बघ, पण रोज बघू नकोस, बघून बघून आपल्याकडे काहीच नाही असं वाटायला लागतं आणि ते खोटं असतं. डिझाइनच्या आधी दुरुस्ती शीक, रफू, ठिगळ, चेन बदलणं, काज. कॉलेजात हे बहुतेक कोणी मन लावून शिकवणार नाही आणि लोकांना गरज ह्याचीच असते. जुन्या कापडाला कोऱ्या, न आटलेल्या कापडाचं ठिगळ लावू नये हे येशूने मत्तय ९ मध्ये सांगितलंय, धुतल्यावर ते आटतं आणि जुनं अजून फाडतं, आणि मला नेहमी वाटतं की घरी कोणाला तरी ठिगळ लावताना बघितल्याशिवाय हे असं सहज तोंडात येत नाही. त्याच्या अंगावरचा अंगरखा पण बिनशिवणीचा, वरपासून एकसंध विणलेला होता, योहान १९. कोणाच्या हातचा होता ते लिहिलेलं नाही. शिपायांनी तो फाडला नाही, चिठ्ठ्या टाकल्या, आणि ज्याने आदाम-हव्वेला कपडे घातले त्याला उघडा करून टांगलं. हे वाचून झाल्यावर मला शिवणकामाबद्दल हलकं काही बोलवत नाही.

लहान मुलांचे कपडे शिवताना खाली दुमड भरपूर ठेव आणि बाजूला पण कापड सोड, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून वाढवता येईल, आईचे पैसे वाचतील. उलटी बाजू सुलटीइतकीच स्वच्छ कर, दोरे लोंबकळत सोडू नकोस. भरतकाम करताना कंटाळा आला की ज्याच्यासाठी भरतेस त्याचं नाव घेऊन प्रार्थना कर, मी करते, साखळी टाक्याची एक ओळ होईपर्यंत बऱ्याच गोष्टी देवाशी बोलून होतात. आणि स्वतःला पण चांगलं शिवून घाल गं, फिटिंगचं, आवडत्या रंगाचं, त्यात पाप नाही.

काकूंशी वाद घालू नकोस, त्यांना तुझी काळजी आहे म्हणूनच बोलल्या. पुढच्या रविवारी उपासना झाली की त्यांना विचार, घरात काही उसवलेलं, फाटलेलं असेल तर द्या, मी नीट करून आणते. जे देतील ते घेऊन ये, आपण क्लासमध्ये बसून करू, त्यात काज असेल तर तुला हाताचं काज पण शिकवते, ते तुझं अजून कच्चं आहे.

तुझी,
शिवणक्लासची मावशी