टीम सोळा जणांची झाली, आता पुढे काय?

प्रश्न : पुण्यातल्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत माझी टीम वर्षभरात ७ वरून १६ वर गेली. रोजचा स्टँडअप (छोटी आढावा बैठक) पाऊण तास रेंगाळतो आणि प्रत्येक रिलीज माझ्या होकारासाठी अडून बसतं. काय करू?
— एक टीम लीड

उत्तर : आधी टीम विभागा. स्क्रम ही छोट्या टप्प्यांत काम करायची पद्धत; तिच्या मार्गदर्शिकेच्या, म्हणजे स्क्रम गाइडच्या, २०२० च्या आवृत्तीत टीम साधारणपणे १० किंवा त्याहून कमी जणांची असावी असं म्हटलंय. डेली स्क्रमला, म्हणजे तुमच्या स्टँडअपला, १५ मिनिटं. सोळा जणांत दोघादोघांच्या १२० जोड्या होतात, आठ जणांत फक्त २८. तुमचा पाऊण तास तिथे जातो.

फ्रंटएंड (ग्राहकाला दिसणारा भाग), बॅकएंड (मागची यंत्रणा), टेस्टिंग अशी वाटणी मात्र करू नका. कागदावर ती नीटनेटकी दिसते, पण मग साधा कूपन कोडचा बदलही तीन बॅकलॉगच्या, म्हणजे बाकी कामांच्या याद्यांच्या, रांगेत उभा राहतो. ग्राहकाच्या कामानुसार वाटा : एका टीमकडे ऑर्डर ते पेमेंट, दुसरीकडे डिलिव्हरी ते रिफंड. दोन्हीकडे डेव्हलपर हवेत, टेस्टर हवेत आणि आपलं काम आपणच डिप्लॉय करायची (चालू सिस्टिमवर चढवायची) मुभा हवी. डेटाबेस जाणणारा एकच असेल तर त्याला अर्धा-अर्धा वाटू नका, दोन्हीकडची कामं लटकतात. त्याला एका टीममध्ये ठेवा आणि दुसऱ्या टीममधल्या कोणाला तरी काही स्प्रिंट (कामाचे ठरावीक मुदतीचे टप्पे) त्याच्या शेजारी बसवून तयार करा.

होकाराचं दुखणं जास्त चिवट आहे. ‘आता तुम्हीच ठरवा’ म्हणून भागत नाही. एकदा जरी तुम्ही निर्णय फिरवलात, तरी सगळे पुन्हा विचारायला येतात. गेल्या महिन्यात तुमच्याकडे आलेले निर्णय लिहून काढा आणि तीन रकान्यांत टाका : टीम ठरवेल, ठरवून कळवेल, आधी विचारेल. नेहमीचं रिलीज पहिल्या रकान्यात. अट एवढीच, की ऑटोमेटेड टेस्ट पास हव्यात आणि रोलबॅक (जुन्या आवृत्तीवर परत जाणं) करून पाहिलेला हवा. नवी लायब्ररी दुसऱ्यात. ग्राहकांचा डेटा किंवा मोठा खर्च तिसऱ्यात. सुरुवातीचे दोन-तीन स्प्रिंट वेग घसरेल, हे वरिष्ठांना आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : दोन टीमच्या स्टोरी पॉइंटची (काम किती मोठं याच्या अंदाजी आकड्यांची) तुलना वरून मागितली जाते. द्यावी का?

उत्तर : नाही. पॉइंट हे ज्या त्या टीमचं घरचं माप. तुलना सुरू झाली की कालचं ३ पॉइंटचं काम आज ५ चं होतं. त्याऐवजी काम हाती घेतल्यापासून प्रॉडक्शनला जाईपर्यंतचे दिवस आणि मागे घ्यावी लागलेली रिलीज दाखवा.