गोट, मुखवटे आणि कोर्पिलोम्बोलो

या महिन्याच्या टपालात चार पत्रे एकाच स्वीडिश बँडबद्दलची निघाली. संगीताच्या सदराला असा योग क्वचित येतो, त्यामुळे बाकीची पत्रे पुढच्या अंकासाठी ठेवून या चौघांना एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : गोट या बँडचा २०२४ मध्ये आलेला, बँडच्याच नावाचा अल्बम मुलाने मला ऐकवला. वाजवणारे तयारीचे आहेत हे कळते. पण एकच तुकडा फिरत राहतो आणि गाणे जागचे हलत नाही. माझा कान शास्त्रीय संगीतावर तयार झालेला आहे. उणीव माझ्यात आहे की त्यांच्यात? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : उणीव कोणातच नाही, आपण चुकीच्या जागी कान लावून बसला आहात, एवढेच. तबल्याचे स्वतंत्र वादन ऐकताना हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहरा, म्हणजे तालाच्या एका आवर्तनाचा ठरलेला स्वरतुकडा, चाललेला असतो. तो पाऊण तास तसाच फिरतो, तरी त्याच्या जागचे न हलण्याबद्दल कोणी तक्रार करत नाही, कारण त्याचे काम समेचा, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेचा, पत्ता सांगत राहण्याचे असते आणि ऐकणाऱ्याचे सारे लक्ष तबल्याकडे असते. गोटच्या गाण्यात गिटारवर किंवा बेसवर फिरणाऱ्या तुकड्याला, म्हणजे रॉकच्या भाषेत रिफला, आपण सुरावट समजून ऐकत आहात. त्याला लेहरा समजा आणि पुन्हा ऐका.

मात्र या लेहऱ्यावर तबल्यातल्यासारखे कायदे आणि रेले, म्हणजे विस्तार करत नेण्याच्या रचना, येतील, ही अपेक्षा आधीच सोडून द्यावी. येथे बदल होतो तो थरांचा. ड्रम आणि बेस घट्ट धरून ठेवतात, त्यावर हाताने वाजवायची तालवाद्ये चढतात, मग दोन गायिका एकाच सुरात, जवळजवळ हाक मारल्यासारख्या, गाऊ लागतात, आणि त्या थांबल्या की फझ लावलेली गिटार मोकळी सुटते. फझ म्हणजे गिटारचा आवाज विजेच्या मंडलात इतका वाढवायचा की ध्वनिलहरीचे माथे छाटले जाते आणि स्वराला खरखरीत काठ येतो. त्याच्या जोडीला वाह-वाह नावाचे पायाने हलवायचे पेडल असते. डग्ग्यावर मनगट दाबून पुढे सरकवले की नाद जसा वळतो आणि बोलू लागतो, तसेच काहीसे हे पेडल गिटारचे करते. पुढच्या वेळी फक्त या वळणाकडे लक्ष ठेवून एक गाणे ऐका. रिफ जागेवरच असतो, पण त्याच्या भोवतीची हवा बदललेली जाणवेल.

आता या अल्बमबद्दल माझे मत. हा त्यांचा सहावा स्टुडिओ अल्बम. २०१६ च्या ‘रेक्विएम’नंतर नव्या स्टुडिओ अल्बमसाठी सहा वर्षे वाट पाहायला लावून त्यांनी २०२२ मध्ये ‘ओ डेथ’, २०२३ मध्ये ‘मेडिसिन’ आणि २०२४ मध्ये हा, असे तीन अल्बम पाठोपाठच्या तीन ऑक्टोबरमध्ये दिले. इतक्या घाईचा परिणाम दिसतो. काही गाणी ऐकताना हे आपण यांच्याकडूनच आधी ऐकले आहे असे वाटते, आणि ‘मेडिसिन’मधला निवांतपणा येथे मला कमी पडला. पण शेवटचे ‘उरोबोरोस’ हे गाणे चुकवू नका. स्वतःची शेपटी गिळणाऱ्या सापाचे हे नाव आहे, आणि हिपहॉपच्या वळणाच्या ड्रमवर तेच तेच शब्द घोळवत गाणे खरोखरच वाटोळे फिरते. आपल्याला ज्याचा कंटाळा आला, तीच गोष्ट तेथे कळसाला पोहोचलेली आहे. तेही आवडले नाही, तर मात्र नाद सोडावा.

प्रश्न : हा बँड कोर्पिलोम्बोलो नावाच्या खेड्यातला असून तेथे शेकडो वर्षांपूर्वी कोणी मांत्रिक आला आणि त्याने गावाला वूडू शिकवले, असे वाचले. हे खरे आहे का? आणि हे लोक मुखवटे का घालतात? (एक वाचक, ठाकुर्ली)

उत्तर : गाव खरे आहे. स्वीडनच्या अगदी उत्तरेला, नॉरबोटेन प्रांतातील पायाला नगरपालिकेच्या हद्दीत, ध्रुववृत्ताच्या थोडेसे वर ते आहे. मांत्रिकाची, पुढे धर्मयुद्धावर निघालेल्यांनी गाव उद्ध्वस्त केल्याची आणि गावकऱ्यांच्या शापाची कथा बँडनेच सांगितलेली आहे आणि ती कथा म्हणूनच घ्यावी. सदस्यांनी आपली नावे जाहीर केलेली नाहीत. मुलाखती दिल्या तरी टोपणनावाने दिल्या, आणि रंगमंचावर सर्वजण झगे आणि मुखवटे घालून येतात.

मुखवट्यांचे मला वावडे नाही. जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा ज्यांनी रात्रभर जागून पाहिला असेल, त्यांना मुखवटा चढल्यावर ओळखीच्या माणसाची चालसुद्धा बदलते हे सांगायला नको. फरक असा की बोहाड्यात मुखवटा चढला की कोणता देव आला हे साऱ्या गावाला कळते आणि आतला माणूसही बहुधा ठाऊक असतो. गोटच्या बाबतीत दोन्ही अंधारात राहते. त्यामुळे गायिका कोण, गिटारवाला कोण, कोणाचे कोणाशी बिनसले, या रॉकमधल्या नेहमीच्या चघळण्याच्या विषयांना जागा उरत नाही आणि ऐकणाऱ्यापुढे फक्त वादन उरते. हा फायदा मोठा आहे.

वूडूच्या कथेबद्दल मात्र माझी नाराजी आहे. बेनिन, टोगो आणि हैती येथे तो आजही लोकांचा जिवंत धर्म आहे. बेनिनमध्ये जानेवारीत त्याची सार्वजनिक सुट्टी असते. आपल्याकडच्या जागरण-गोंधळावरून कोणी परदेशी बँडने असा बनाव रचला असता, तर आपल्याला तो गमतीचा वाटला असता का, असा प्रश्न मी स्वतःला विचारतो आणि उत्तर सोपे येत नाही. संगीताच्या देवघेवीत बँड अधिक सरळ वागला आहे, हेही नमूद करतो. २०१२ च्या ‘वर्ल्ड म्यूझिक’ या पहिल्या अल्बमची सुरुवात मालीचे गायक-गिटारवादक बुबाकार त्राओरे यांच्या ‘जाराबी’ने होते, तर ‘रेक्विएम’मध्ये मालीच्याच उमू सांगारे यांचे ‘जोरोलेन’ आहे, आणि दोन्ही ठिकाणी मूळ नावे तशीच ठेवली आहेत.

प्रश्न : स्वीडनच्या या सगळ्या संगीताचे मूळ किराणा घराण्यात आहे, असे एका मित्राने छातीठोकपणे सांगितले. आमची पैज लागली आहे. (एक वाचक, पार्ले)

उत्तर : पैज आपण जिंकलात, पण मित्राला अगदीच मोडीत काढू नका, त्याच्या हाती धागा खरा लागला आहे, फक्त त्याने तो उलटा ओढला.

धागा असा आहे. अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांनी १९६४ मध्ये ‘इन सी’ ही रचना केली. तिच्यात ५३ छोटे स्वरतुकडे असतात आणि प्रत्येक वादक ते क्रमाने, पण आपल्याला वाटेल तितक्या वेळा वाजवून पुढे जातो. रायली १९६७ मध्ये स्टॉकहोमला गेले. तेथे संगीत शिकणाऱ्या बू अँडर्स पेर्सन यांच्यावर त्याचा खोल ठसा उमटला, आणि त्याच वर्षी त्यांच्याभोवती पेर्सन साउंड हा गट उभा राहिला. एकच स्वर धरून ठेवणारी गिटार आणि चेलो, संथ ठोके आणि लांबच लांब वादने, असा त्याचा बाज होता. नावे बदलत बदलत हाच गट पुढे ‘ट्रेड, ग्रेस ओक स्टेनार’ झाला, ज्याचा अर्थ झाडे, गवत आणि दगड असा होतो. स्वीडिश सायकेडेलिक, म्हणजे धुंदी आणणाऱ्या, संगीतातल्या आवर्तनांच्या वेडाचे हे एक मोठे उगमस्थान आहे, आणि गोट त्याच मुलखातले.

किराण्याचा प्रवेश यानंतरचा आहे. पंडित प्राणनाथ हे किराणा घराण्याच्या उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य, आणि रायली त्यांच्याकडे १९७० मध्ये शिकू लागले, म्हणजे स्टॉकहोमच्या भेटीनंतर तीन वर्षांनी. तेव्हा मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे घराणे आणि स्टॉकहोमचे हे तरुण यांच्यात वंशावळीचे नाते नाही; फार तर रायली यांच्या ओळखीने जुळलेले सोयरिकीचे नाते म्हणता येईल. पण तंबोऱ्याच्या जवारीत, म्हणजे तारांच्या गुंजनात, डोके टेकवून बसण्याची सवय ज्याला आहे, त्याला पेर्सन साउंड ऐकताना परके वाटणार नाही, ही मित्राची मूळ जाणीव योग्यच आहे. पैजेचा वडापाव अर्धा-अर्धा खावा.

प्रश्न : गोटच्या तबकड्या मागवाव्यात का? आमचे घर समुद्राजवळ आहे. (एक वाचक, वरळी)

उत्तर : एकच घ्यायची असेल तर ‘वर्ल्ड म्यूझिक’ घ्यावी. त्यातला बेस मोबाइलच्या स्पीकरवर निम्मा हरवतो, तो तबकडीवर आणि बऱ्या स्पीकरवर पूर्ण मिळतो. पावसाळ्याचे मात्र पाहावे. माझ्या दादरच्या घरी भिंतीला टेकलेल्या कपाटातील तबकड्यांच्या कव्हरांवर एका जुलैत बुरशीचे पांढरे ठिपके आले आणि दोन कव्हरे एकमेकांना चिकटून फाटली. तेव्हापासून कपाट भिंतीपासून चार बोटे दूर आहे, तबकड्या उभ्या आहेत, आणि आतले कागदी पाकीट बदलून प्लास्टिकचे अस्तर असलेले घातले आहे. आपल्याकडे खारे वारेही आहेत, म्हणून प्लेअरची सुई वापर झाल्यावर झाकून ठेवावी.