ब्राँझच्या जुन्या मूर्तीवरचा काळपट-हिरवा थर घासून काढावा का?

तुमची मूर्ती कित्येक वर्षं कपाटात पडून होती, आता ती लख्ख करावी की तशीच ठेवावी, हा तुमचा प्रश्न. पॉलिशची बाटली उघडण्याआधी लाकडी काडीने तो थर हलकेच टोकरून बघा.

थर घट्ट आणि गुळगुळीत असेल, भुकटी पडत नसेल, तर खुशाल राहू द्या. तो वरून बसलेला मळ नाही. धातू हवेशी झगडता झगडता स्वतःच तो थर तयार करतो. ब्राँझ म्हणजे बहुतांशी तांबंच, आणि तांब्यावर आधी ऑक्सिजनमुळे तांबूस-तपकिरी पापुद्रा येतो. उघड्यावर असेल तर ओलावा आणि हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे तो हळूहळू हिरवा होतो, आणि मग आतल्या धातूची झीज फार मंदावते. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ मध्ये उभा राहिला तेव्हा तांबूसच होता. १९०६ च्या सुमारास त्याला रंग द्यायचं घाटत होतं; लोकांनी ओरड केली आणि बेत बारगळला. बरंच झालं! त्याचा तांब्याचा पत्रा जेमतेम २.४ मिलिमीटर जाडीचा, तरी अजून शाबूत आहे.

भुरकट, फिकट हिरवे ठिपके असतील, टोकरल्यावर पीठ पडत असेल आणि खाली खड्डा दिसत असेल, तर मात्र प्रकरण वेगळं. तिथे क्षार शिरलेत. दमट हवेत त्यांच्यापासून आम्ल तयार होतं, ते धातू खातं, त्यातून पुन्हा क्षार, असं चक्र चालूच राहतं. मूर्ती कोरड्या जागी वेगळी ठेवा आणि जतनतज्ज्ञाला दाखवा. घरगुती आंबट उपाय इथे नकोतच.

(लोखंडाला यातलं काही लागू नाही. गंज फुगतो, पोपडे धरून गळतो आणि नवा भाग उघडा पाडतो.)

आता मूर्तीचं नाक, गुडघे, बैठकीच्या कडा बघा. उंचवटे उजळ आणि खाचा काळ्या असतील, तर ती हाताळण्याची खूण. रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिका या चर्चमधल्या संत पीटरच्या ब्राँझच्या पुतळ्याचा उजवा पाय भाविकांच्या स्पर्शाने इतका झिजलाय की बोटं वेगळी ओळखू येत नाहीत. मुद्दाम जुनी भासवलेली वस्तू बहुधा इथेच पकडली जाते: हात पोचणारच नाही अशा कोपऱ्यातही ती झिजलेली असते, नाहीतर सगळीकडे सारखीच काळी.

पॉलिश दर वेळी थोडा धातू घेऊन जातं, आणि आधी बोथट होतात ते डोळे आणि दागिन्यांचं बारीक काम. तेव्हा मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटका, बास.