प्रमाणपत्र प्रक्रियेचं घ्यावं की तयार सॉफ्टवेअरचं?

तुमचा प्रश्न असा की वीस जणांच्या कंपनीने गुणवत्तेचं प्रमाणपत्र घ्यायचं तर आधी कामाच्या प्रक्रियेचं मूल्यांकन करून घ्यावं की तयार सॉफ्टवेअरचं. तयार सॉफ्टवेअरचं. मी बारा वर्षं टेस्टिंगमध्ये आहे आणि रत्नागिरीकडे आमच्याच बंदरावर हे बघितलंय.

आमच्या मच्छीमार सोसायटीने डिझेल कोट्यासाठी सॉफ्टवेअर घेतलं. कंपनी सीएमएमआय लेव्हल थ्री, म्हणजे कामाच्या प्रक्रियेच्या मूल्यांकनात तिसरी पातळी मिळालेली. चुलतभाऊ कमिटीवर, त्याला तेवढं पुरलं. मी म्हटलं होतं, दादा, बिल सेव्ह होत असताना मेन स्विच बंद करून बघूया. "एवढी मोठी कंपनी, तू त्यांना शिकवणार?"

1 ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठली. पहाटेपासून डिझेलला रांग, वर पाऊस, लाईट ये-जा करतेय. सेव्ह होताना लाईट गेली की कोट्यातून लिटर वजा व्हायचे, पण बिल नोंदलंच जायचं नाही. क्लार्क पुन्हा बिल करायचा, पुन्हा वजा. दुपारी तांडेल, म्हणजे बोटींचे प्रमुख, खिडकीशी उभे, टाकी अर्धी आणि कोटा संपलेला. सीझनचा पहिला दिवस बोटी धक्क्यालाच. तीन रात्री बसून मी हातवहीवरून हिशेब जुळवला.

नंतर कंपनीचे कागद बघितले. रिव्ह्यूच्या नोंदी, दोषांची यादी, सगळं चोख आणि खरं. लेव्हल थ्री म्हणजे कामाची पद्धत ठरलेली आहे आणि प्रोजेक्ट त्या पद्धतीने चालतात. आमच्या हातात पडलेलं सॉफ्टवेअर कसं आहे, हे त्यात मोजतच नाहीत. त्याचं मानक वेगळं: आधी 1991 चं आयएसओ 9126, 2011 पासून त्याच्या जागी 25010. त्यात विश्वासार्हतेखाली, बंद पडल्यावर डेटा शाबूत ठेवून पुन्हा उभं राहता येतं का, हा स्वतंत्र मुद्दा आहे. आमचं तिथेच फसलं. आपल्याकडे केंद्र सरकारच्या एसटीक्यूसीच्या प्रयोगशाळा सॉफ्टवेअरची चाचणी करतात, तिथे चौकशी करा.

मात्र तयार सॉफ्टवेअरचा दाखला त्या आवृत्तीपुरताच. दर महिन्याला नवी आवृत्ती काढत असाल तर प्रक्रियाही नीट हवीच, आणि टेंडरमध्ये सीएमएमआय मागितलं असेल तर ते घ्यावंच लागेल.

दादा अजून म्हणतो, लाईट गेली त्यात सॉफ्टवेअरचा काय दोष? कोकणात पावसात लाईट जाते हे मी कमिटीला दिलेल्या मागण्यांच्या यादीत पहिलं लिहिलं होतं. तो कागद माझ्याकडे आहे, त्यावर त्याची सही आहे.