कळव्याचं महापालिकेचं मेडिकल कॉलेज की नेरूळचं अभिमत (डीम्ड) विद्यापीठ? (मुलीला दोन्हीकडे सीट मिळतेय, घर ऐरोलीला)

डोळे मिटून कळवा घ्या.

नेरूळची इमारत चकाचक, कॅन्टीन छान, सगळं मान्य. पण डॉक्टर घडतो तो पेशंटच्या खाटेपाशी. सोमवारी सकाळी 9 वाजता मुलीला घेऊन दोन्ही हॉस्पिटलांच्या ओपीडीत जाऊन या. कळव्याच्या शिवाजी हॉस्पिटलात केसपेपरची रांग बघा: मुंब्रा, दिवा, कळवा, कुठून कुठून माणसं येतात. डेंग्यू, टीबी, साप चावलेला, रेल्वे अपघात, हे सगळं विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर येतं. त्या गर्दीत सलाईनची शीर शोधायला मुलं आपोआप शिकतात.

दुसरं म्हणजे पैसे. फीमधला फरक साडेचार वर्षांनी गुणून बघा, मग बोलू. आणि एमबीबीएसवर गाडी थांबत नाही. पुढे पीजी आहेच. तिथे नीट-पीजी या प्रवेश परीक्षेची रँक विचारतात, कॉलेजचं लॉन नाही.

कळव्याला बाँड आहे, हे मात्र प्रवेशाआधी नीट वाचा. इंटर्नशिपनंतर एक वर्ष सेवा, नाहीतर दंड. माझ्या मते ते वर्षही वाया जात नाही.

प्रवासाचं म्हणाल तर ऐरोलीहून नेरूळला थेट लोकल, कळव्याला ठाण्यात गाडी बदलायची. पहिल्या वर्षी ॲनाटॉमीचं जाडजूड पुस्तक पाठीवर घेऊन ठाणे स्टेशनचा पूल चढताना मुलगी तुम्हाला शिव्या देईल. देऊ दे.

एक सांभाळा: राज्याची प्रवेश फेरी राज्याच्या सीईटी सेलची, अभिमतची एमसीसीची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीची. तारखा वेगळ्या, सीट सोडायचे नियमही वेगळे. मूळ कागदपत्रं जमा करण्याआधी दोन्ही माहितीपत्रकं वाचा.