ॲनबद्दल साराला विचारायचं नाही

अगं, तुझा मेल वाचला. प्रबंधाचा विषय बदलू का म्हणतेस, इंग्लंडची राणी ॲन (1702 ते 1714) सोडून. कारण काय, तर सेमिनारमध्ये कोणीतरी उठून बोललं की ॲन ही काही राणी नव्हतीच, लढाया सेनापती मार्लबरोने मारल्या, तिजोरी खजिनदार गोडॉल्फिनने सांभाळली आणि खुद्द राणीला सांभाळलं मार्लबरोच्या बायकोने, सारा चर्चिलने, ही आपली गाउटचे, म्हणजे सांधे सुजण्याच्या आजाराचे, पाय वर घेऊन बसून होती. तुला तिथे उत्तर सुचलं नाही, आणि घरी गेल्यावर वाटायला लागलं की त्यांचंच बरोबर असेल, एलिझाबेथ नाहीतर व्हिक्टोरिया घेतली असती तर निदान बोलायला काहीतरी असतं.

मी एवढंच विचारते, हे सगळं सांगतंय कोण? तो सेमिनारमधला मुलगा नाही, त्याला सोड, त्याने कुठेतरी वाचलं. ज्याने लिहिलं त्याने कुठून घेतलं? त्याच्या आधीच्याने कुठून घेतलं? असं मागे मागे जात राहिलीस की बहुतेक वेळा साराच्याच दारात येऊन उभी राहशील. एकेकाळची जिवलग मैत्रीण, एकमेकींना मिसेस मॉर्ले आणि मिसेस फ्रीमन म्हणायच्या म्हणजे राणीपण वगैरे मधे येऊ नये, मग बिनसलं, 6 एप्रिल 1710 ला केन्सिंग्टनला शेवटची भेट, 1711 च्या जानेवारीत साराची दरबारातली पदं गेली, आणि 1742 ला, म्हणजे ॲन जाऊन 28 वर्षं झाल्यावर, बाईंनी स्वतःची बाजू छापून टाकली. त्यातली ॲन कशी आहे? मंद, हेकट, दुसऱ्याच्या डोक्याने चालणारी. असणारच ना! नोकरीवरून काढलेल्या माणसाने साहेबाबद्दल लिहिलेलं आपण साहेबाचं चरित्र म्हणून वाचतो का?

साराची साक्ष घे, जरूर घे, तिच्याइतकं जवळून कोणी पाहिलेलं नाही. पण ही भांडलेल्या माणसाची साक्ष आहे एवढं समासात लिहून मग घे. हे मी तुला पहिल्या वर्षापासून सांगतेय, अजून किती वेळा सांगू.

आता तुझा ड्राफ्ट. तिच्या आजारपणावर तू पानंच्या पानं घातली आहेस आणि त्यातली निम्मी निदानावर, ल्युपस होता का, आणखी काय होतं. तीनशे वर्षांपूर्वीच्या बाईचे ब्लड रिपोर्ट तुझ्याकडे नाहीत, सोडून दे. 1684 ते 1700 मधे 17 वेळा दिवस गेले, बहुतेक मुलं पोटातच गेली किंवा जन्मल्याबरोबर, 1687 च्या फेब्रुवारीत दोन चिमुरड्या मुली, मेरी आणि ॲन सोफिया, काही दिवसांच्या अंतराने देवीने गेल्या आणि नवरा त्याच वेळी अंथरुणाला खिळलेला. हे एवढं सरळ लिहिलंस तरी वाचणाऱ्याला कळतं, वर विशेषणं कशाला?

तू जिथे थांबायला हवं होतंस तिथे थांबली नाहीस. जगलेला मुलगा एकच, विल्यम, ग्लॉस्टरचा ड्यूक. डोकं मोठं, चालताना तोल जायचा, तरी कॅम्पडेन हाउसमध्ये बरोबरीच्या पोरांची पलटण करून कवायत घ्यायचा. 24 जुलै 1700 ला विंडसरला त्याचा अकरावा वाढदिवस झाला आणि 30 जुलैला तो गेला. हा नुसता आईचा शोक नाही गं, इथे सगळ्या देशाचा वारसाहक्क मोडला, पुढच्याच वर्षी कायदा करून गादी जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या प्रोटेस्टंट सोफियाकडे वळवली, पन्नासच्या वर कॅथलिक नातेवाइकांना ओलांडून. म्हणजे ॲन गादीवर यायच्या आधीच तिच्यानंतर कोण हे लिहून झालं होतं. आणि मग 8 मार्च 1702 ला तिला राज्य मिळतं. मधे फक्त दीड वर्ष. 11 तारखेला पार्लमेंटसमोर येऊन म्हणते की माझं मन पूर्णपणे इंग्लिश आहे, आधीचा राजा असलेल्या डच मेव्हण्याला मारलेला टोमणा सगळ्यांना कळला असणार. 23 एप्रिलच्या राज्याभिषेकाला पायावर उभं राहवत नव्हतं म्हणून खुर्चीतून नेलं. वय 37. आणि सुरुवातीलाच स्वतःच्या खर्चाच्या रकमेतले 1 लाख पौंड सरकारी कामाला सोडून दिले. मला या दीड वर्षावर एक अख्खं प्रकरण हवंय आणि तू चार ओळीत संपवलंस.

पुढे जॉन क्लार्कचं घेतलं आहेस, स्कॉटलंडचा तो, ज्याने तिला गाउटच्या झटक्यात पाहिलं, चेहरा लाल, पायाला पोटीस आणि कळकट पट्ट्या. सगळे हेच उचलतात. पण तो तिथे गेला होता कशाला? युनियनच्या वाटाघाटींचा कमिशनर होता तो! ती त्या अवस्थेत स्कॉटलंड आणि इंग्लंड एक करायचं काम बघत होती, कमिशनरांच्या बैठकीत स्वतः जाऊन बसत होती, आणि 1 मे 1707 ला ते झालं. एलिझाबेथच्या मागून आलेल्या जेम्सलाही जमलं नव्हतं, तो तर दोन्हीकडचा राजा होता. पण आपल्याला आठवतात पट्ट्या.

म्हणून परत सांगते, कोण सांगतंय ते बघ, आणि मग ती त्या दिवशी कुठे हजर होती ते बघ. कॅबिनेट बघ. साधारण दर आठवड्याला, बहुतेक रविवारी, स्वतः बसायची, तिच्या आधीच्या किंवा नंतरच्या कुठल्याच राजाने इतक्या बैठका केल्या नाहीत. लॉर्ड्समध्ये, म्हणजे पार्लमेंटच्या वरच्या सभागृहात, वादविवाद ऐकायला जाऊन बसायची. 1704 ला पाद्र्यांकडून राजाला मिळणारं जुनं उत्पन्न तिने गरीब पाद्र्यांसाठी सोडून दिलं. 1710 ला कॉपीराइटचा कायदा झाला तो आजही तिच्या नावाने ओळखतात, लेखकाला 14 वर्षं आणि जिवंत असला तर आणखी 14. 1714 ला समुद्रावर रेखांश काढणाऱ्याला 20,000 पौंडांचं बक्षीस. न्यूटनला 1705 ला केंब्रिजला सर केलं ते तिनेच, पण त्यावर फार वेळ घालवू नकोस, त्यात निवडणुकीचं राजकारण होतं.

आणि व्हेटो. 11 मार्च 1708, स्कॉटिश मिलिशिया बिल, म्हणजे स्कॉटलंडात नागरिकांची सशस्त्र फौज उभी करायचं बिल, ब्रिटिश राजमुकुटाने नाकारलेलं शेवटचं बिल. तू लिहिलंस "हट्टीपणाने नाकारलं". हा हट्टी शब्द तुला कोणी दिला? फ्रेंच जहाजं गादीवर हक्क सांगणाऱ्या तिच्या सावत्र भावाला घेऊन स्कॉटलंडकडे निघाल्याची बातमी होती, तिथे फुटीर लोकांच्या हातात हत्यारं जाऊ नयेत म्हणून मंत्र्यांच्याच सल्ल्याने नाकारलं. (तारखा सांभाळ हं. तेव्हा इंग्लंडात वर्ष 25 मार्चला बदलायचं, त्यामुळे कागदावर 1707 दिसेल, गोंधळू नकोस.)

हट्ट बघायचा असेल तर दुसरीकडे बघ. हॅनोव्हरच्या वारसाला तिने शेवटपर्यंत इंग्लंडात येऊन राहू दिलं नाही, दोन्ही पक्षांनी आलटूनपालटून दडपण आणलं तरी. आणि 1711 संपताना, फ्रान्सशी करायच्या तहाला लॉर्ड्समध्ये बहुमत नाही म्हटल्यावर एकदम 12 नवे लॉर्ड करून टाकले. मार्लबरोला काढलं, ब्लेनहाइम जिंकणाऱ्या माणसाला! दुसऱ्याच्या डोक्याने चालणारी म्हणे. यावर लोक म्हणतात की तेव्हा साराच्या जागी राणीची दासी ॲबिगेल मॅशम होती, तिने करून घेतलं. बघ, म्हणजे काही झालं तरी करणारी दुसरीच कोणीतरी. ही पण थिअरी आधी कोणी मांडली, विचार. साराने.

1708 चं ते पण लिही. ऑगस्टमध्ये औडेनार्डच्या लढाईतल्या विजयासाठी सेंट पॉल चर्चला जाताना साराने काढून ठेवलेले दागिने राणीने घातले नाहीत म्हणून वाद, आणि चारचौघात सारा राणीला म्हणते, गप्प बसा. ऑक्टोबरच्या 28 ला नवरा गेला, जॉर्ज, 25 वर्षांचा संसार, आणि साराने त्याचं चित्र राणीच्या खोलीतून काढून नेलं, ते परत मिळावं म्हणून राणीला चिठ्ठी लिहावी लागली. राणीला! एवढं होऊनही पुढची दोन वर्षं तिने साराला पदावर ठेवलं. तू याला कमकुवतपणा म्हटलं आहेस. मला नाही वाटत. मार्लबरो फ्रान्सशी लढत होता, त्याच्या बायकोला काढणं म्हणजे युद्धाशी खेळ होता, आणि तिला तो खेळ कधी परवडेल हे कळत होतं. थांबणाऱ्या माणसाला लोक घाबरट समजतात, हा मला फार जुना अनुभव आहे.

आता बोलतेच. आमच्या डिपार्टमेंटचा इतिहास कॉलेजच्या स्मरणिकेत छापून आला तेव्हा मी रिटायर झाले होते. लिहिला एका सहकाऱ्याने, बोलायला हुशार, सभेत टाळ्या घेणारा, माझ्याशी कधीच पटलं नाही. त्यात माझ्या वाट्याला एक वाक्य, "शांत स्वभावाच्या बाई". लायब्ररीत इतिहासाची कपाटं आहेत ना, ज्यांच्यासमोर तू दोन वर्षं बसलीस, ती कशी आली, ग्रँटचे कागद कोणी भरले, प्रत्येक मीटिंगला कोण हजर होतं, ते मिनिटबुकात आहे आणि मिनिटबुक कोणी उघडत नाही. माझी पीएचडी राहिली, आईचं आजारपण होतं, त्याची खंत आहेच, नाही म्हणत नाही, पण मला काही कळत नव्हतं म्हणून मी गप्प होते असं कोणी म्हटलं तर मी आजही भांडेन. तू म्हणशील बाई ॲनचं नाव करून स्वतःची केस लढताहेत. लढतेय थोडी. तरी तारखा माझ्या बाजूने आहेत.

तू पण सेमिनारमध्ये गप्प बसतेस म्हणून हे जास्त लागलं मला. उत्तर त्याच क्षणी सुचलंच पाहिजे असं काही नसतं. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन जा.

एक मात्र बजावते. उपेक्षित म्हणजे देवी नाही. 1713 च्या उट्रेख्टच्या तहात जिब्राल्टर आणि मिनोर्का मिळालं तसाच स्पॅनिश वसाहतींना गुलाम पुरवायचा ठेकाही मिळाला, 30 वर्षांचा, वर्षाला 4,800 माणसं, आणि तो तिच्या राज्याचा विजय म्हणून मिरवला गेला. हे तळटीपेत ढकललंस तर मी ड्राफ्ट परत करीन. काम तिचं म्हणायचं तर हेही तिचंच. आणि मुंबईचा धागा काढायचा तुझा विचार, ठीक आहे, सुरतेत आणि मुंबईत एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन इंग्लिश कंपन्यांचा 1702 चा करार आणि 1709 ची पूर्ण एकी तिच्याच काळातली, पण एक परिच्छेद पुरे, तिला मुंबईची राणी करत बसू नकोस.

शेवटच्या आठवड्याबद्दल तू छान लिहिलं आहेस, ते तसंच ठेव. 27 जुलै 1714 ला मुख्य मंत्री आणि खजिनदार हार्लीला काढलं, 30 तारखेला मरणाच्या दारात असताना खजिनदारपदाची खूण असलेली काठी श्रूसबरीच्या ड्यूकच्या हातात दिली, 1 ऑगस्टला गेली, आणि ज्या गादीवरून यादवी होणार म्हणून सगळे घाबरले होते ती सोफियाच्या मुलाकडे, हॅनोव्हरच्या जॉर्जकडे, शांतपणे गेली. तिचा डॉक्टर आर्बथनॉट लेखक स्विफ्टला लिहितो की तिला मरण जितकं हवंसं वाटलं तितकी थकलेल्या प्रवाशाला झोपही हवीशी वाटली नसेल. हा बघ साक्षीदार, ज्याला तिच्याकडून आता काहीच मिळायचं नव्हतं. याला पुढे घे, साराला मागे टाक.

गाइडना सांग विषय तोच आहे. "दुर्बल" हा शब्द ड्राफ्टमध्ये जिथे जिथे आहे तिथे बाजूला कोणाचं मत ते लिही, आणि लिहिता आलं नाही तर शब्द काढ. दीड वर्षाचं प्रकरण रविवारपर्यंत पाठव, कारण मंगळवारी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे आणि मग डॉक्टर काही दिवस स्क्रीन बघू देणार नाहीत. फॉन्ट मोठा ठेव.