वकील शोधायच्या आधी एवढं वाच

अगं पोरी,

काल फोनवर तू इतकी रडत होतीस की मी काही बोललेच नाही, आणि तसंही फोनवर सांगितलेलं अशा वेळी डोक्यात राहत नाही, म्हणून लिहितेय, सावकाश वाच.

तू म्हणालीस "ताई, घटस्फोटासाठी पुण्यातला चांगला वकील सांग". पुण्यातलाच कशाला गं? तू आता नाशिकला आईकडे राहतेस ना, मग केस नाशिकच्या फॅमिली कोर्टात टाकता येते. लग्न जिथं लागलं तिथं, नवरा राहतो तिथं, दोघं शेवटचे एकत्र राहिलात तिथं, आणि २००३ च्या दुरुस्तीपासून बायको सध्या राहते तिथंही, असं हिंदू विवाह कायद्यात आहे. दर तारखेला पहाटेची एसटी पकडून शिवाजीनगरला जायचं आणि तिथं कळायचं की आज जजसाहेब रजेवर, हे मी दोन वर्षं केलंय. तेव्हा वकील नाशिकचाच बघ, तिथल्या कोर्टात रोज उभा राहणारा.

माझा पहिला वकील नात्यातल्या एकाने सुचवलेला. एसी केबिन, भिंतभर पुस्तकं, "काळजी करू नका, सहा महिन्यांत मोकळं करतो". नंतर तारखेला तो स्वतः कधी दिसलाच नाही, ज्युनिअर यायचा, तोही दर वेळी वेगळा, फाइल न वाचता आलेला, पुढची तारीख घेतली की गेला. शेवटी वकील बदलायचं ठरवलं तर म्हणे आधी उरलेली फी द्या मग ना हरकत देतो, आणि माझी कागदपत्रं चार महिने अडकवून ठेवली. मला तेव्हा माहीतच नव्हतं की फी राहिली म्हणून वकिलाला पक्षकाराची फाइल अडवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय ते.

म्हणून वकील निवडायची माझी पद्धत ऐक, हसू नकोस. एक दिवस सकाळी अकराला फॅमिली कोर्टात जा आणि बाहेरच्या बाकावर नुसती बस. कोणाचे पक्षकार दुपारपर्यंत "वकीलसाहेब कुठायत" म्हणून फोन लावत बसतात आणि कोण स्वतः येऊन बाईशी दोन मिनिटं बोलून मग आत जातं, सगळं दिसतं. शेजारी बसलेल्या बायकांना विचार, त्या खरं सांगतात. नेटवर "नंबर वन घटस्फोट तज्ज्ञ" वगैरे दिसेल त्याला भुलू नकोस, वकिलांना जाहिरात करायला मुळात बंदीच आहे.

भेटायला गेलीस की सरळ विचार, तारखेला तुम्ही येणार का ज्युनिअर. फी पूर्ण केसची का दर तारखेची. टायपिंग, झेरॉक्सचा खर्च त्यातच का वेगळा. पोटगीतले अमुक टक्के मला द्या असं कोणी म्हणालं तर उठून ये, ते नियमात बसत नाही. आणि कोऱ्या कागदावर सही, कितीही घाई असू दे, नाही म्हणजे नाही. पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज कर, बायकांना तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी.

आता तुझे प्रश्न. सासूबाई म्हणतात तशी स्टॅम्प पेपरवर नोटरी करून सोडचिठ्ठी? अजिबात नको. तुमच्यात रूढीने चालत आलेली काडीमोडीची पद्धत नाही, त्यामुळे तो कागद म्हणजे रद्दी, कायद्याने तू त्याची बायकोच राहशील आणि उद्या दुसरं लग्न ठरलं तर नसतं लचांड मागे लागेल.

परस्पर संमतीने करायचं तर आधी वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं. तू दिवाळीत निघालीस, म्हणजे वर्ष व्हायचंय अजून. त्यानंतर दोघांनी मिळून अर्ज, मग सहा महिने थांबायचं. हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या निकालापासून, पण पोटगी, मुलीचा ताबा सगळं मिटलेलं असेल आणि जुळण्याची आशाच नसेल तरच. तो नाहीच म्हणाला तर? मग क्रूरता, दोन वर्षं टाकून देणं अशी कारणं पुराव्यासकट सिद्ध करावी लागतात. "आमचं पटत नाही, संसार संपलाय" एवढ्यावर फॅमिली कोर्ट घटस्फोट देत नाही, तो अधिकार सुप्रीम कोर्टाचा, २०२३ ला घटनापीठाने तो स्पष्ट केला. लोक ती बातमी वाचून येतात आणि वकिलाशी भांडतात.

पोटगीसाठी निकालापर्यंत थांबावं लागत नाही, केस चालू असतानाच अंतरिम मागता येते. त्यासाठी दोघांनाही मिळकत आणि कर्जाचं शपथपत्र द्यावं लागतं, त्यामुळे तुझा पगार लपवू नकोस, त्याच्या पगाराची स्लिप कुठं मिळाली तर जपून ठेव. छकुली तीन वर्षांची आहे, पाचच्या आतलं मूल साधारण आईकडेच ठेवतात, पण बापाला भेटू द्यावं लागेल, त्यावरून हट्ट करू नकोस, कोर्टाला ते आवडत नाही आणि पोरीलाही नाही. दागिने तुझे स्त्रीधन आहेत, म्हणजे तुझ्याच मालकीचे, यादी कर, लग्नातल्या फोटोंत कुठला दिसतो तेही लिही.

समुपदेशकाकडे पाठवतील, त्याला घाबरू नकोस, तिथं जे मनात आहे ते बोल. व्हॉट्सअ‍ॅपवरचं काही डिलीट करू नकोस आणि रागात त्याला काही पाठवू पण नकोस, तेच चॅट उद्या कोर्टात वाचलं जातं.

रविवारी मी नाशिकला येतेय. लग्नाचं सर्टिफिकेट, नसेल तर पत्रिका आणि फोटो, दोघांचे आधार, बँकेचं स्टेटमेंट, एवढं एका पिशवीत घालून ठेव. आणि आईला सांग जेवायला साधंच कर.

तुझी,
ताई